मिळून आली नाही

बेलिफकाका दाराची बेल कधीच आधी वाजवत नसत. प्रथम इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे बघत. मग जिना चढून दारासमोरच्या चपला बघत. मग शेजारचं दार वाजवून भलत्याच नावाची चौकशी करत, म्हणजे शेजारी आपणहून सांगे, "छे हो, या नावाचं इथं कुणी नाही, बाजूला तर अमुक राहतात." या तिन्ही गोष्टी जुळल्या की मगच ते हव्या त्या दाराशी जात, आणि तिथंही आधी स्वतःच्या चपला काढत.

"दार उघडनारा खोटं बोलंल," ते म्हणायचे. "दोरी नाय बोलनार."

कोर्टात एखाद्यावर दावा लागला की त्याला समन्स नेऊन द्यायचं, हे बेलिफचं काम. समन्स पोचलं नाही तर दावा जागचा हलत नाही. मी नव्वदच्या दशकात वाशीला एका वकिलाकडे टायपिस्ट होते. म्हणायला टायपिस्ट, पण फाइली लावणं, कोर्टात तारखा बघणं, नकला आणणं आणि बेलिफांच्या मागं लागणं हे सगळं माझ्याकडेच होतं. त्यामुळे चार वर्षं माझा आणि बेलिफकाकांचा रोजचा संबंध आला.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. त्यांच्या कसबामुळे आणि माझ्या टायपिंगमुळे एक बाई मेली. त्यांच्या लकबी वाचताना हसू आलं तर येऊ दे, पण हे ध्यानात असलेलं बरं.

त्या वेळी नवी मुंबईत पत्ता शोधणं म्हणजे खरोखरच कसब होतं. एकेका सेक्टरमध्ये चाळीस-चाळीस इमारती, सगळ्या एकाच साच्यातल्या, एकाच पिवळ्या रंगाच्या. निम्म्या फ्लॅटना कुलूप, उरलेल्यांत भाडेकरू, आणि ते दर अकरा महिन्यांनी बदलायचे. दारावरची पाटी आधीच्या माणसाची, लाइटचं बिल त्याच्याही आधीच्या माणसाच्या नावानं. सेक्टरांच्या मधोमध जुनी गावं. तिथं घराला नंबर असलाच तर तो कुठल्या तरी वहीत, दारावर नाही, आणि अर्ध्या गावाचं आडनाव एकच.

बाकीचे बेलिफ यावर सोपा उपाय करत. एकदा जायचं, कुणी भेटलं नाही की दोन पंचांच्या सह्या घेऊन समन्स दाराला चिकटवायचं. काही जण तर तेवढंही न करता स्टेशनबाहेर चहा पिऊन 'चिकटवले' असं लिहीत. बेलिफकाकांच्या खाकी पिशवीतही डिंकाची बाटली होती, पण तिच्यातला डिंक दगड झाला होता.

"कागद दाराला लावला तर समन्स दाराला झालं, मानसाला नाय," ते म्हणत. "दार येनार काय तारखेला?"

ते मूळचे इथलेच, ज्या गावांच्या जमिनी टाउनशिपसाठी गेल्या त्यांतल्या एकातले. अंगानं काटकुळे, पँटचे पाय घोट्यावर दुमडलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. जिथं समन्स द्यायचं त्या घरचं पाणी ते पीत नसत, उन्हातून दोन मैल चालून गेले असले तरी. आणि माणूस जेवत असेल तर समन्स देत नसत. जिन्यावर बसून राहायचे. एकदा कोपरखैरणेला एका कुटुंबाचं जेवण संपायची वाट बघत ते तासभर बसले होते. शेवटी त्या घरच्या बाईंनीच त्यांना चोर समजून सोसायटीचा वॉचमन बोलावला.

"सांगायचं नाही का, समन्स आहे म्हणून?" मी विचारलं.

"मंग जेवन कसं उतरलं असतं त्यांच्या गळ्याखाली?"

लोक समन्स चुकवायला नाना प्रकार करत. एका बिल्डरनं स्वतः दार उघडलं आणि सांगितलं, "साहेब गावाला गेलेत, मी त्यांचा भाऊ." बेलिफकाका म्हणाले, "बरं, भाऊ तर भाऊ. साहेबांना कळवा, खाली त्यांच्या गाडीला कोनी तरी ठोकून गेलाय." तो माणूस बनियनवर धावत खाली आला. गाडीला काही झालेलं नव्हतं. बेलिफकाका मागोमाग सावकाश जिना उतरले. "गाडी कोनाची?" "माझी!" "मंग इथं सही करा."

हे त्यांनी मला आमच्या ऑफिसात उभं राहून सांगितलं तेव्हा आमचे वकीलसाहेब हसून हसून खोकले होते. साहेबांना ते फार आवडायचे. बेलिफकाकांकडे गेलेलं समन्स परत यायचं नाही.

पण त्यांचा खरा लौकिक होता तो शेऱ्यांबद्दल. समन्स दिल्यावर ते कुठं, कसं, कुणाला दिलं हे बेलिफनं मागच्या बाजूला लिहून द्यायचं असतं. तो कागद मग कोर्टाच्या फायलीत लागतो. इतरांचे शेरे एका ओळीचे. बेलिफकाका पान भरून लिहायचे, बारीक, एकसारख्या अक्षरात. कुठल्या थांब्यावर उतरलो, डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, दाराचा रंग, खिडकीला गज किती. घरातल्या माणसाची ओळख कशी पटवली, तो कोणत्या वेळी घरी असतो. एकदा जजसाहेबांनी त्यांचा शेरा भर कोर्टात वाचून दाखवला आणि बाकीच्या बेलिफांना म्हणाले, "याला बजावणी म्हणतात. हा कागद घेऊन आंधळासुद्धा त्या घरी पोचेल."

बेलिफकाकांना हे वाक्य पाठ होतं. ते कुणालाही सांगायचे, चहावाल्यालासुद्धा.

आता त्या बाईबद्दल.

आमच्याकडे एक पक्षकार आले होते. तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज, मला 'मॅडम' म्हणायचे आणि सांगितल्याशिवाय खुर्चीत बसायचे नाहीत. बायको घर सोडून गेली होती. तिनं परत नांदायला यावं म्हणून त्यांना दावा लावायचा होता. पत्ता तिच्या भावाचा दिला, पावण्याच्या एमआयडीसीमागचा.

दावा लागला. दर दोन दिवसांनी त्यांचा फोन. "मॅडम, बजावणी झाली का?" मला वाटलं, बायकोची आठवण येतेय माणसाला. असे फोन मला रोज पाच-सहा येत. मी त्यावर फार विचार करत नसे.

बेलिफकाका पावण्याला गेले. भाऊ म्हणाला, बहीण कुठं आहे मला माहीत नाही. दोरीवर एकाच बाईचे कपडे होते, भावजयीचे. म्हणजे ती तिथं राहत नव्हती. दुसरा कुणीही 'सदर पत्त्यावर राहत नाही' असं लिहून मोकळा झाला असता आणि ते नियमाला धरूनच झालं असतं. पण बेलिफकाका समोरच्या टपरीवर बसले. दोन रविवार बसले. दोन्ही रविवारी भाऊ दळणाची पिशवी घेऊन बसमध्ये चढताना दिसला.

"घरच्या दळनाला कोन बसनं जातो?" त्यांनी मला विचारलं होतं, असे डोळे बारीक करून. तिसऱ्या रविवारी तेही त्याच बसमध्ये चढले.

ती नावड्याला सापडली. चाळीतली एक खोली, एकटीच राहायची. पॅकिंगच्या कामाला जायची. बेलिफकाका पोचले तेव्हा ती भाकरी थापत होती. ते बाहेर बसून राहिले. तिचं जेवण झालं, भांडी झाली, मग त्यांनी समन्स दिलं आणि ते तिला पूर्ण वाचूनही दाखवलं.

तिनं सही केली. मग म्हणाली, "काका, कागद मी घेतला. तारखेला येते मी कोर्टात, शपथ. फक्त इथला पत्ता लिहू नका. भावाचाच लिहा."

हे मला त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, आमच्या ऑफिसात उभे राहून, अभिमानानं.

"मी सांगितलं तिला, बाय, मी चोवीस वर्षांत खोटं लिवलं नाय. आनि हा कागद कोर्टाचा हाय, कोर्टात राहतो. तू कशाला घाबरतेस?"

"बरोबर केलंत," मी म्हटलं. असंच म्हटलं. मला त्या दिवशी अजून सहा नोटिसा टाइप करायच्या होत्या.

कागद कोर्टात राहतो हे अर्धंच खरं. दोन्ही बाजूंच्या वकिलांना फाइल बघता येते. आमच्या साहेबांचा दंडक होता की कोर्टातल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्या फायलीत हवी आणि एक पक्षकाराला द्यायची. तो दंडक मीच अमलात आणत असे. मी कोर्टात जाऊन शेरा उतरवून आणला आणि कार्बन लावून टाइप केला. मला तो आजही बराचसा आठवतो. नावडे गावात एसटीच्या थांब्यावर उतरून, पिठाच्या गिरणीपुढच्या बोळात, हातपंप उजव्या हाताला टाकून, तिसरी चाळ, शेवटून दुसरी खोली, दार निळं, कडी आतून सैल. सामनेवाली सकाळी सात ते साडेतीन कामावर असते. चारनंतर घरी एकटीच मिळते.

सुपरवायझर संध्याकाळी आले. त्यांनी तो कागद उभ्यानं दोनदा वाचला, चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला.

"फार छान लिहिलंय," म्हणाले. "थँक्यू, मॅडम."

तारखेला दोघं बरोबरच आले. तिनं हिरव्या काठांची साडी नेसली होती, अंबाड्यात गजरा होता. दोघांच्या सह्यांचा कागद आम्ही कोर्टात दिला: सामनेवाली अर्जदाराकडे नांदायला गेली आहे, दावा निकाली काढावा. पाच मिनिटांत झालं. साहेब खूश. असे दावे वर्षानुवर्षं चालतात.

कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात बेलिफकाका बाकावर कागद लावत बसले होते. ती त्यांच्यासमोर थांबली. नवरा चार पावलं पुढं होता.

"काका," ती म्हणाली, "जेवलात?"

बेलिफकाकांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. ती पुढं गेली.

पाचेक महिन्यांनी एक हवालदार आमच्या ऑफिसात आला, जुन्या दाव्याचे कागद बघायला. तेव्हा आम्हाला कळलं. स्टोव्हचा भडका. हॉस्पिटलात दोन दिवस होती. मरायच्या आधीच्या जबाबातही तिनं स्टोव्हच सांगितला होता. नवरा शेजारी उभा असताना जबाब झाला की बाहेर, ते हवालदाराला माहीत नव्हतं.

"आपला काय संबंध?" साहेब म्हणाले. "आपली केस निकालात निघाली होती. बाई, फाइल परत कपाटात ठेवा."

मी ठेवली. पण बेलिफकाकांच्या कानावर गेलंच. ते दुपारी आले आणि म्हणाले, "माझा शेरा दाव." मी कपाटातून फाइल काढून दिली. त्यांनी चष्मा चढवला आणि टाइप केलेला कागद ओळीवर बोट ठेवून वाचला.

"टाइप कोनी केलंय?"

"मी."

"सगळं?"

"सगळं."

"चारनंतरचं पन?"

"काका, तुम्ही लिहिलंत ते मी टाइप केलं."

"हां," ते म्हणाले. "तुझं बरोबर हाय." कागद फायलीत ठेवला, फायलीची नाडी नीट बांधली आणि गेले. मला राग आला होता. त्यांचा की माझा, ते मी तेव्हा पाहिलं नाही. माझ्या नवऱ्याची पावण्याची कंपनी तेव्हा बंद पडलेली होती, घर माझ्या पगारावर चालत होतं, आणि असल्या गोष्टींचा विचार करायला मला वेळ नव्हता.

त्यानंतर वरवर काही बदललं नाही. ते तसेच दोऱ्या बघत, चपला बघत, जिन्यांवर बसून राहत. फक्त जजसाहेबांचं ते वाक्य सांगायचं त्यांनी बंद केलं. चहावाल्यानं एकदा आठवण करून दिली, "काका, आंधळासुद्धा पोचंल ना?" तर चहा अर्धा टाकून उठले.

वर्षभरानं आमच्याकडे तसाच दुसरा दावा आला. पुन्हा बायको गेलेली, पुन्हा नांदायला यावं म्हणून. हा पक्षकार वेगळा होता, मोठ्यानं बोलणारा, टेबलावर हात आपटणारा. त्यानं बायकोच्या वडिलांचा पत्ता दिला होता, उरणचा. तिथं ती नाही हे त्याला माहीत होतं, दोनदा जाऊन तमाशा करून आला होता. "कोर्टाचा माणूस शोधून काढील," तो साहेबांना म्हणाला. "तुमच्याकडं तो एक बेलिफ आहे म्हणतात."

बेलिफकाका उरणला गेले. आठ दिवसांनी शेरा आला: 'सदर पत्त्यावर सामनेवाली राहत नाही. शोध घेतला, मिळून आली नाही.'

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. "दीड ओळ? ह्या माणसाला ताप आलाय का?"

त्यांनी कोर्टाकडून पुन्हा समन्स काढून घेतलं आणि मला म्हणाले, "बाई, ह्या खेपेला तुम्ही बरोबर जा. ओळख पटवायला म्हणून जा. लग्नातला फोटो घ्या. म्हातारा आळशी झालाय, तुम्ही असलात की शोधील."

उरणच्या बसमध्ये बेलिफकाका माझ्या शेजारी बसले. जासई मागं पडली. मग म्हणाले, "फोटो बघू."

मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"हीच."

"हीच म्हणजे? तुम्ही तर लिहिलंत मिळून आली नाही."

"मागल्या खेपंला मी हिच्या हातचं पानी प्यालो," ते म्हणाले.

मला समजायला एक क्षण लागला. समन्स द्यायच्या घरी ते पाणी पीत नसत. प्याले, म्हणजे द्यायचं नाही असं ठरवूनच प्याले.

"खोटं लिहिलंत?"

"लिवलं." खिडकीबाहेर कंटेनरांची रांग लागली होती, ते तिकडेच बघत होते. "आता तू ठरव. बापाच्या घरी जाऊ, तिथं ती नाय, तू सही कर, आपन परत जाऊ. तुझ्यापुरतं सगळं खरं होईल. नायतर माझ्याबरोबर चल, तिला बघ, आनि मंग काय ती सही कर."

"बघून काय होणार?"

"नावड्याच्या बाईला तू टाइप करायच्या आधी बघितली नव्हतीस."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वयानं ते माझ्या वडिलांएवढे होते. मी म्हटलं, "चला."

आम्ही बसमधून उतरून चालत गेलो. बाजार मागं पडला, मिठागराच्या कडेनं एक वस्ती लागली. तिच्यातल्या एका बोळातून आम्ही एकामागे एक असे गेलो, कारण दोघं शेजारी मावत नव्हतो. शेवटच्या घराच्या ओट्यावर तीन बायका कोलंबी सोलत बसल्या होत्या. फोटोतली मधली. फोटोत ती बरीच गुबगुबीत होती.

बेलिफकाकांना बघून ती उठली, मग मला बघून थबकली. बोलताना ती उजवा कान पुढं करत होती. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं, हे मला नंतर कळलं, आणि ते जन्मापासून नव्हतं हेही.

"या बाई कोन?"

"वकिलाकडच्या," बेलिफकाका म्हणाले.

"कनच्या वकिलाकडच्या?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मीच म्हटलं, "तुमच्या नवऱ्याच्या."

ओट्यावरच्या दोघी सोलायच्या थांबल्या. तिनं पदराला हात पुसले. मग आत गेली आणि दोन ताटं घेऊन आली. भात आणि कालवण.

"जेवा," ती म्हणाली. "उपाशी पोटी काय लिवनार तुमी."

बेलिफकाका मांडी घालून बसले आणि जेवायला लागले. समन्स द्यायच्या घरी जेवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मला भूक नव्हती. तरी मी जेवले, कारण ती समोर उभी होती.

"त्याला सांगनार काय?" तिनं विचारलं.

"माहीत नाही अजून," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. माझी नोकरी होती, साहेब वाईट नव्हते, आणि नवऱ्यानं बायकोला शोधणं हा काही गुन्हा नाही. त्या माणसानं आमच्या टेबलावर हात कसा आपटला होता तेही डोळ्यांसमोर होतं. पेपरवेट उडाला होता.

ती म्हणाली, "गेल्या खेपंला त्यानं पान्याच्या पायपानं मारलं. पुढल्या खेपंला काय घेनार, त्याचं त्यालाच ठावूक." कोलंबीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

बेलिफकाकांनी ताटात हात धुतला. "आता हितं राहू नको," ते तिला म्हणाले. "मी दोनदा आलो, या बाईनं पायलं. चार मानसांनी बघितली की जागा जुनी झाली."

"कुठं जाऊ?"

"जा कुठं बी. मला सांगू नको. मला कळलं तर मला लिवावं लागंल."

परत बसथांब्यावर येऊन त्यांनी खाकी पिशवी मांडीवर घेतली आणि कागद लिहिला. या खेपेला चार ओळी, साहेबांचं समाधान व्हावं एवढ्या. शेवटी तेच: मिळून आली नाही. खाली त्यांची सही. मग कागद माझ्यापुढं धरला आणि दुसरीकडे बघत राहिले. मी सही केली. कुणी सांगितलं म्हणून नाही. त्या सहीबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, आणि मोठेपणाही वाटला नाही. एक काम चुकीचं करून ठेवलं होतं, दुसरं तसं केलं नाही, एवढंच.

साहेबांनी नाक मुरडलं आणि पेपरात नोटीस द्यायची परवानगी मागितली. दावा तिच्या गैरहजेरीत चालला आणि नवऱ्याच्या बाजूनं निकाल लागला. तिनं नांदायला जावं असा हुकूम झाला. ती कुठं होती ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्या हुकमाचं पुढं काही झालं नाही.

प्रकरण तिथंच संपायला हवं होतं. पण तीन महिन्यांनी तो नवरा चार मित्र घेऊन फिरत फिरत त्या मिठागराकडच्या वस्तीत पोचला. ती केव्हाच गेलेली होती. त्यानं आरडाओरडा केल्यावर कुणी तरी शेजारणीनं सांगितलं, "होती की इथं. कोर्टाची मानसं आली तेव्हा इथंच होती, तिनंच तर त्यांना जेवायला वाढलं." तो तसाच कोर्टात आला आणि तक्रार लिहून दिली: बेलिफनं बाई सापडली असताना खोटा शेरा लिहिला.

चौकशी बसली. बेलिफकाकांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. त्यांच्या बरोबरीचे लोक त्यांना समजावत होते: म्हणा, दुसरीच कोणी बाई होती, ओळख पटली नाही. शेजारीण अडाणी आहे, तिचं कोण ऐकतंय? साहेब मला म्हणाले, "बाई, सही तुमचीही आहे. काय बोलायचं ते विचार करून बोला. ह्याच्यात माझं नाव आलं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." ते रागानं म्हणाले नाहीत. खरं तेच सांगितलं.

चौकशीचा निकाल आधीच सांगते. बेलिफकाकांना नोकरीवरून काढलं. त्यानंतर ते मला एकदाच दिसले, बेलापूरला, रस्त्याच्या पलीकडून, आणि मी हाक मारली नाही. हेही सांगायला हवं म्हणून सांगते.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. चौकशी अधिकारी तरुण होते, नेमणुकीवर नवीन, प्रत्येक उत्तर स्वतःच्या हातानं लिहून घेत होते. भिंतीजवळच्या खुर्चीवर मी, समोर उभे बेलिफकाका. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. तसं करायचं काही कारण नव्हतं.

"तुम्हाला सामनेवाली त्या जागी मिळाली होती का?"

"मिळाली होती, साहेब."

अधिकाऱ्यांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं. त्यांची तयारी नकाराची होती, होकाराची नव्हती.

"मग तसं लिहिलं का नाही?"

"लिवलं असतं तर तो तिथं गेला असता."

"ते बघणं तुमचं काम नाही."

"नाय, साहेब. माझं काम नाय."

"ती आता कुठं आहे?"

"ठावूक नाय. इचारलं नाय. मुद्दाम नाय इचारलं."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पेन रोखलं. "आणि ह्या बाई? ह्यांची सही आहे ओळख पटवणार म्हणून. ह्यांनी सामनेवालीला पाहिलं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आजही सांगता येणार नाही. त्याआधीच बेलिफकाका बोलले, माझ्याकडे न बघता, समन्स वाचून दाखवावं तसं सरळ आवाजात.

"नाय, साहेब. बाय रिक्षातच बसली होती. घरासमोर रिक्षा उभी केली, हिला सांगितलं बसून राहा, मी एकटाच आत गेलो. परत आलो नि म्हटलं, कोनी नाय, सही कर. माझ्यावर इस्वास ठेवून तिनं केली."

"खरं आहे हे?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं. "तुम्ही घरासमोर रिक्षात होतात?"

त्या बोळात रिक्षा जात नाही. जेमतेम सायकल जाते.

"हो," मी म्हटलं.